माशीचा सहावा पाय

१

मावशी सहसा ओरडणाऱ्यातल्या नाहीत. झुरळ दिसलं तर चपलेनं त्याचा निकाल लावतात, आणि पाल दिसली तर तिला चार शब्द सुनावून पुन्हा फरशी पुसायला लागतात. त्यामुळे सकाळी नऊच्या सुमाराला त्यांनी जी बोंब ठोकली, ती ऐकून प्रयोगशाळेतली उरलेली चारही माणसं हातातलं टाकून धावली.

"माशी! मधल्या खोलीत माशी चिकटलीय!"

माशी ती काय, तिच्यासाठी एवढं धावायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ही इमारतच मुळी माश्यांना कोंडून ठेवायला बांधलेली. आतल्या अंगाला जाळीच्या पिंजऱ्यांत परक्या मुलखातून आलेली फळमाशी पाळली होती. ती मारायची कशी, हे शिकण्यासाठी तिला जगवायची. बाहेर जायला एकामागून एक दोन दारं, आणि दोन्हींच्या मध्ये कपाटाएवढी अंधारी खोली. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्या खोलीच्या भिंतीवर पिवळा चिकट कागद. कुणाच्या अंगावर बसून एखादी माशी निसटलीच तर तिनं तिथं अडकावं. मावशी रोज सकाळी तो कागद बदलत, आणि नऊ वर्षांत त्यावर धुळीपलीकडे काही मिळालं नव्हतं.

साहेबांनी लाल बटण दाबलं. दोन्ही दारांत खटके पडले, पंखे थांबले, आणि इमारत इतकी गप्प झाली की भिंतीपलीकडची पिंजऱ्यांतली गुणगुण ऐकू यायला लागली.

"नियम सात," साहेब म्हणाले. नियम त्यांना तोंडपाठ असत. बाकी फारसं काही नसे. "माशी कुठून आली हे लेखी सिद्ध होईपर्यंत, किंवा जनुकचाचणीचा निकाल येईपर्यंत, माणूस बाहेर नाही, कागद बाहेर नाही, काडी बाहेर नाही."

"चाचणीला चार तास लागतात, साहेब," ताई म्हणाली.

"मग चार तास."

ताईनं घड्याळाकडे बघितलं. जनुकचाचणी तिचंच काम होतं, त्यामुळे चार तासांचे साडेतीन होत नाहीत हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि बारा वाजता तिला शेतीखात्याच्या कचेरीतल्या सुनावणीला पोचायचं होतं. ती पोचली नाही तर दुपारी तिच्या मामाची बाग तोडली जाणार होती.

२

गोष्ट अशी होती. महिन्यापूर्वी मामाच्या पेरूच्या बागेत लावलेल्या सापळ्यांत एकतीस माश्या सापडल्या. त्या मास्तरांकडे आल्या. मास्तर म्हणजे चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस. किड्यांची ओळख पटवण्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी अहवाल दिला: परकी माशी. परकी माशी बागेत सापडली की नियम सरळ आहे, झाडं तोडा आणि जाळा.

पण परकी आणि गावठी या दोन माश्या सख्ख्या बहिणींसारख्या. पंखाच्या कडेची एक रेघ परकीत जाड, गावठीत बारीक. बाकी सगळं सारखं, आणि माशी जुनी झाली की तीही रेघ फिकी पडते. म्हणून ताईनं एकतीसही माश्यांची जनुकचाचणी केली. एकूण एक गावठी निघाल्या. साहेबांनी तो निकाल वाचून घसा खाकरला. "ताई, तुमचा निकाल आणि तुमच्याच मामाची बाग. लोक काय म्हणतील?" शेवटी कचेरीनं निर्णय दिला, ताईनं स्वतः यावं, मूळ कागद आणि एकतीसही माश्या टेबलावर ठेवाव्यात. बारापर्यंत हे झालं नाही तर मास्तरांचा अहवाल कायम.

मामानं आणि मामीनं ताईला लहानाची मोठी केलं होतं. त्या साठ झाडांतल्या प्रत्येकावर मामानं स्वतः कलम बांधलं होतं, आणि कलम बांधताना सुतळी धरायला ताई असायची.

चिकट कागद मास्तरांच्या टेबलावर आला. माशी त्यावर उताणी पडली होती. मास्तरांनी सूक्ष्मदर्शकाची फिरकी बोटांनी चाचपली, भिंग खालीवर केलं आणि वाकून बसले. सगळे भोवती उभे.

"लिही, पोरी," मास्तर म्हणाले. ओळखणारा जे बोलेल ते शब्दशः नोंदवहीत उतरवायचं, हाही एक नियम. "खांद्यावर पिवळे ठिपके दोन. पंखाच्या कडेची रेघ जाड, टोकापर्यंत गेलेली. पाठीवर काळा पट्टा. पाय सहा, शाबूत. परकी वाटते. चाचणी करावी."

पिंजरे सांभाळणाऱ्या दादाचं तोंड उतरलं. परकी म्हणजे त्याच्याच पिंजऱ्यातून सुटलेली. "माझी एकही जाळी फाटलेली नाही," तो म्हणाला, पण ते त्यानं स्वतःलाच सांगितल्यासारखं वाटलं.

साहेबांनी कागद एका डबीत ठेवला, डबी आपल्या टेबलावर ठेवली, आणि चाचणी सुरू करायची परवानगी मिळवण्यासाठी वरच्यांना फोन लावत बसले. त्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात ताईला मामीचा फोन आला.

"करवतवाले आलेत गं. चौघं आहेत. फाटकाशी बसलेत."

"मामा काय करतोय?"

"त्यांना पाणी नेऊन दिलं. मी म्हटलं, पाणी कसलं देताय? तर म्हणे, उन्हात बसलेत बिचारे." मामीनं आवाज खाली आणला. "तू येतेयस ना?"

"येतेय," ताई म्हणाली, आणि बंद दाराकडे बघत फोन ठेवला.

दहा वाजता डबी तिच्या हाती आली. चाचणीसाठी माशीचा एकच पाय लागतो, उजव्या बाजूचा मधला. बाकी माशी पुरावा म्हणून जपायची. ही पद्धत मास्तरांनीच घालून दिलेली, आणि इथला प्रत्येक माणूस ती जाणून होता. दादा तर त्यावरून तिला तंगडतोडीच म्हणायचा. ताईनं चिमटा घेतला, भिंगाखाली बघितलं, आणि चिमटा तसाच हवेत राहिला.

माशीला पाच पाय होते. उजव्या बाजूचा मधला गायब होता.

३

तिनं डावा मधला पाय काढून यंत्रात चाचणी लावून दिली आणि मग साहेबांची खोली गाठली. साहेबांनी स्वतः भिंगातून बघितलं, बोटांवर पाय मोजले, पुन्हा मोजले.

"सव्वानऊला सहा, दहाला तुम्ही काढलेला डावा धरून पाच," ते म्हणाले. "नोंदवहीत सहा लिहिलेत. तुमच्याच हातचं आहे."

"डबी तुमच्या टेबलावर होती, साहेब."

"मी फोनवर होतो! दादानं चहा आणून ठेवला, मावशींनी फरशी पुसली, मास्तर माझ्यासमोर खुर्चीत बसले होते. डबीला कुणी हात लावला नाही."

ताई दादाकडे गेली. तो पिंजऱ्यांपुढे स्टुलावर बसून माश्यांकडे रागानं बघत होता. पंखे बंद असल्यानं खोलीत उकडत होतं आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मला विचारायला आलीस ना? विचार," तो म्हणाला. "रजा नाकारली म्हणून मी साहेबांवर चिडलोय हे जगजाहीर आहे. पण माशी सोडून मी माझंच घर कशाला पेटवू? पिंजरे बंद झाले तर मी जाणार कुठं? चार तास इथं कोंडून घ्यायची मलाही हौस नाही."

"पाय कुणी काढला असेल?"

"माशीचा पाय काय लोणचं घालायला नेतोय कुणी? तुझ्याशिवाय त्याचा उपयोग कुणाला?" त्यानं सदरा पाठीपासून सोडवला. "मला तिसरंच खटकतंय. माशी बसते पायांवर. चिकटली तर आधी पाय चिकटतात, मग ती फडफडते, सगळा गोंद खरवडून ठेवते. ही बया उताणी, आणि आजूबाजूला गोंद आरशासारखा. मेलेली येऊन पडल्यासारखी."

"हे तू सगळ्यांसमोर का नाही बोललास?"

"मास्तर बोलल्यावर मी काय बोलणार? आधीच तो हल्ली तुटक वागतो. जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांनासुद्धा बसत नाही. कंटाळा आला म्हणतो. वीस वर्षं आला नाही तो आत्ताच बरा आला."

ती परत आली तेव्हा साहेब आतल्या व्हरांड्यात तिची वाटच बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याचं समाधान.

"ताई, मी विचार केला. डबीबरोबर एकटं कोण होतं? तुम्ही. पाय तुमच्या हातून हरवला. आज एक हरवला, तर त्या एकतीस माश्यांच्या वेळी काय काय हरवलं असेल? मी कचेरीला कळवणार आहे, की तुमच्या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही."

४

साडेदहा वाजले होते. ताईला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. आता नुसतं दार उघडून भागणार नव्हतं. तो दीड मिलिमीटरचा पाय सापडला नाही तर ती वेळेवर पोचूनही उपयोग नव्हता.

मधल्या खोलीच्या आतल्या दाराशी मावशी बादली उलटी घालून बसल्या होत्या.

"मावशी, माशी पहिल्यांदा तुम्ही बघितलीत. कशी होती?"

"कशी म्हणजे? उताणी. लंगडी."

ताई खाली त्यांच्याशेजारी बसली. "लंगडी?"

"एका बाजूला तीन पाय, एका बाजूला दोन. मी टॉर्च मारली होती ना."

"मास्तर सहा म्हणाले."

"म्हणाले असतील. मी काय शिकलेली आहे?" मावशींनी फडका पिळला. "मला कुणी विचारलंच नाही. साहेबांनी विचारलं ते एवढंच, की कागद काल कधी बदलला होता. सकाळी बदलला होता. संध्याकाळी मी सगळ्यांच्या मागून निघाले, तेव्हा नुसता मास्तर इथं राहिला होता, त्याची छत्री शोधत."

एकीकडे चाळीस वर्षांचा भिंगवाला, दुसरीकडे फरशीवाली. या इमारतीत कुणाचं खरं मानलं जाईल, हे सांगायची गरज नव्हती. पण ताईनं जाऊन तो कागद पुन्हा भिंगाखाली घातला. चिकट कागदावर तुटलेला पाय कुठं जाणार? तो गोंदातच राहतो. पाय ओढून काढला तर माशी हलते, निदान ओरखडा राहतो. तिनं माशीभोवतीचा गोंद इंचाइंचानं तपासला. तिनं स्वतः डावा पाय ओढला तिथं ओरखडा होता; उजवीकडे पाय नव्हता, ओरखडाही नव्हता.

म्हणजे पाय कुणी चोरला नव्हता. माशी कागदावर आली तीच पाच पायांनी. आणि नेमका उजव्या बाजूचा मधला पाय नसलेल्या माश्या जगात एकाच ठिकाणी असतात.

ती आपल्या खोलीत पळाली. सुनावणीसाठी भरलेला डबा टेबलावर तयार होता. एकतीस नळ्या, प्रत्येकीत मद्यार्कात बुडवलेली एक माशी, बाहेरून कागदाचं वेष्टन आणि त्यावर ठसठशीत आकडा. पूर्वी ती बारीक लिहायची. चार महिन्यांपूर्वी मास्तर तिला रागावले होते, "मुंग्यांएवढं लिहू नकोस, आकडा कसा दुरून दिसला पाहिजे." तिनं एकेक नळी उजेडाला धरून वेष्टन सरकवलं. एक, दोन, तीन. सगळ्या माश्या जागच्या जागी, सगळ्या उजवीकडून लंगड्या. चौदावी नळी तिनं धरली, हलवली, उलटी केली.

आत नुसता मद्यार्क होता.

५

"म्हणजे ही तुमचीच चौदा नंबरची माशी?" साहेब म्हणाले.

"हो. मंगळवारी मी तिची चाचणी केलीय. गावठी. यंत्रातला निकाल दोन वाजता येईल तोही गावठीच येईल. पिंजऱ्यातून काहीही सुटलेलं नाही. माशी कुठून आली ते सिद्ध झालं. नियम सात. दार उघडा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नियमाचा माणूस नियमानंच अडचणीत आला की असं करतो.

"लेखी सिद्ध," ते म्हणाले. "नळीतली माशी आपण होऊन चालत गेली नाही. कुणीतरी नेली. कोण, ते लिहून द्या. नाव नाही, तोवर उगम नाही. उद्या मला वरचे विचारतील, तर मी काय सांगू, माशी हौसेनं गेली?"

"मी स्वतःला कशाला कोंडून घेईन, एवढं तर पटतं ना तुम्हाला?"

"ते पटतं," साहेब नाराजीनं म्हणाले. "म्हणूनच नाव विचारतोय. अकरा वाजून पाच मिनिटं झालीत."

ताई बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. भिंत गरम होती. कुणाला तिला अडवायचं होतं हे विचारत बसण्यात अर्थ नव्हता. साहेबांना मास्तरांच्या अहवालावरची आपली सही चुकीची ठरू द्यायची नसेल, दादाला साहेबांची जिरवायची असेल. कारणं काय, शोधली की सापडतात. तिनं दुसरीकडून विचार केला. ज्यानं माशी ठेवली त्यानं चूक कोणती केली?

लंगडी माशी ठेवली, ही चूक. साहेब, दादा, अगदी मावशीसुद्धा, चाचणी झालेल्या माशीला उजवा मधला पाय नसतो हे सगळ्यांना माहीत. नळीतून माशी कागदावर ठेवताना कुणाच्याही ते नजरेला आलं असतं. आपली चोरी पाच मिनिटांत पकडली जाईल हे त्याला दिसलं असतं, आणि त्यानं दुसरी माशी घेतली असती. दादाच्या पिंजऱ्याखालच्या ताटलीत सहा पायांच्या मेलेल्या माश्या मुठीमुठीनं पडलेल्या असतात. तरी त्यानं हीच ठेवली.

कारण त्याला ते दिसलंच नाही.

काल संध्याकाळी ती डबा भरत होती, तेव्हा मास्तर दाराशी आले होते. "भरलास का डबा?" त्यांनी विचारलं होतं. ती हो म्हणून हात धुवायला गेली होती. पत्ते. ठसठशीत आकडे. फिरकी चाचपणारी बोटं. पाय सहा, शाबूत. ते माशी बघत नव्हतेच. चाळीस वर्षांत हजारो वेळा म्हटलेलं पाठांतर म्हणत होते.

 एकोणीस वर्षांची असताना ती इथं आली, तेव्हा सूक्ष्मदर्शकात तिला नुसता धुरळा दिसायचा. मास्तरांनी तिचं बोट धरून फिरकीवर ठेवलं होतं. "घाई नको. हळू. दिसेल." त्या माणसाचं नाव तिनं कागदावर लिहायचं होतं, नाहीतर मामाची साठ झाडं जाणार होती. तिला वाटलं, आपण या इमारतीत नाही, एखाद्या नळीतच बुडालोय.

६

मास्तर आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत बसले होते. तिनं काही न बोलता तो कागद त्यांच्या भिंगाखाली सरकवला.

"मास्तर, जरा बघा. पाय किती?"

मास्तरांनी डोळा लावला. फिरकी खाली नेली, वर नेली. पलीकडे पिंजऱ्यांची गुणगुण चालू होती. खूप वेळानं ते म्हणाले, "किड्याला सहा पाय असतात, पोरी."

"हिला किती आहेत?"

त्यांनी डोळा काढला नाही. पण त्यांचे खांदे खाली आले.

"बोलून गेल्यावर लक्षात आलं," ते म्हणाले. "नळीतली म्हणजे तू पाय काढलेली असणार. पण तोवर तू लिहून टाकलं होतंस."

"कधीपासून दिसत नाही?"

"मधोमध काळा डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, दार दिसतं, माणूस दिसतो. जिथं बघावं तेवढंच दिसत नाही. सात-आठ महिने झाले असतील." ते हसल्यासारखं करून थांबले. "रेघ जाड की बारीक, मी आठवणीवर सांगत होतो. मामाच्या माश्यांची ओळखसुद्धा तशीच दिली. फळाला भोकं होती, हंगाम होता, म्हटलं परकीच असणार."

"आणि माझा निकाल आल्यावर?"

"तुझा निकाल आला त्याच दिवशी कळलं मला, की मी चुकलो."

ताईला राग अनावर झाला. "कळलं होतं? मग गप्प का बसलात? उलट मला कोंडून घातलंत?"

"सुनावणीत पहिला प्रश्न आला असता, मास्तरांना कसं दिसलं नाही? मग मागचे अहवाल काढले असते. मी दुसरं काय आहे, सांग बरं? डोळा काढून घेतला की माझ्यात काय उरतं?" त्यांनी हात टेबलावर ठेवले. "झाडं काय, मामा पुन्हा लावेल, असं समजावत होतो स्वतःला."

"त्या झाडांखाली बसून तुम्ही जेवला आहात, मास्तर. मला इथं पाठवा म्हणून सांगायला आला होतात, तेव्हा."

मास्तरांनी कागद भिंगाखालून बाजूला सारला.

"आणि नळीतलीच का घेतलीत? पिंजऱ्याखाली ढीग पडलाय."

"ती परकी. ती घेतली असती तर दादाच्या पोटावर पाय आला असता. मला हमखास गावठी हवी होती. चार तासांनी निकाल आला की कुणाचंच काही बिघडायला नको." ते तिच्या दिशेनं बघत होते, थोडंसं बाजूला. "मला आता ओळखता येत नाही. तुझा आकडा वाचला, तुझ्या यादीत सगळ्याच गावठी होत्या, तरी खात्रीला चौदा तेवढा वाचून घेतला दादाकडून, कालच, सहज विचारल्यासारखं. त्यावर भरवसा ठेवून उचलली."

या अख्ख्या इमारतीत तिच्या चाचणीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि त्यानंच तिला अडकवलं होतं. ताईनं तोंड फिरवून डोळे पुसले. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"साहेबांना नाव हवंय," ती म्हणाली. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मास्तर उठले. खुर्चीला, मग कपाटाला, मग दाराच्या चौकटीला हात लावत ते निघाले. ताईला तेव्हा कळलं, की गेले कित्येक महिने ते असेच चालत होते आणि आपण ते रोज बघत होतो.

७

साहेबांसमोर मास्तरांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. अक्षरं मोठी होती आणि ओळी उतरत उतरत एकमेकींवर चढल्या होत्या. साहेबांनी ते दोनदा वाचलं. अशा कागदासाठी त्यांच्याकडे नियम नव्हता. मग त्यांनी बटण सोडलं. पंखे फिरायला लागले आणि दादा आतून ओरडला, "अरे, वाचलो रे!"

"चौदा नंबरची माशी तेवढी नळीत घाल," मास्तर ताईला म्हणाले. "एकतीस पाहिजेत. आणि मला बरोबर ने."

"तुम्ही कशाला?"

"अहवाल माझा आहे. मागे घ्यायला मीच हवा."

त्या अंधाऱ्या मधल्या खोलीत दोघंही क्षणभर उभे राहिले, मागचं दार लागेपर्यंत. मास्तर पुढच्या दाराची मूठ चाचपत होते. ताईनं त्यांचं कोपर धरलं. राग अजून गेला नव्हता, पण कोपर तिनं सोडलं नाही. जीप दादानं हाणली, आणि बाराला सात मिनिटं कमी असताना ती कचेरीच्या दाराशी लागली.

सुनावणीच्या टेबलामागे तिघं अधिकारी होते. ताईनं डबा ठेवला, कागद ठेवले. मधल्या बाईंनी मास्तरांकडे बघितलं. "तुम्ही तर परकी म्हणून ओळख दिली होती. मग?"

"मला दिसत नाही, बाई," मास्तर म्हणाले. खोलीत मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. "माझ्या मागच्या आठ महिन्यांतल्या सगळ्या ओळखी पुन्हा तपासून घ्या. हिच्याकडून घ्या. हिनं ज्यांना गावठी म्हटलंय त्या गावठी आहेत."

बाईंनी अहवाल मागे घेण्याचा कागद त्यांच्यापुढे केला. मास्तरांनी पेन घेतलं, आणि पेन कागदावर इकडून तिकडे फिरत राहिलं. सहीची रेघ त्यांना सापडेना. समोरचे तिघंही दुसरीकडे बघायला लागले.

ताईनं वाकून त्यांचं बोट धरलं आणि रेघेवर नेऊन ठेवलं.

"घाई नको, मास्तर," ती हळूच म्हणाली. "इथं."

त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात मास्तर बाकावर बसले. ताईनं त्यांना पाणी आणून दिलं आणि मामीला फोन लावला. फोन उचलला मामानं. त्यानं नाक ओढलं.

"कचेरीचा फोन आला, करवतवाले गेले गं," तो म्हणाला. "जाताना चार-चार पेरू मागून घेतले त्यांनी. मी म्हटलं, न्या."